तहसीलदाराच्या अंगावरच्या सात गाठी

जलप्रहर कार्यालय, खारपाणपट्टा विभाग
तपासपत्र, नमुना अकरा
(माशाच्या अंगावर गाठपटात नसलेली गाठ दिसल्यापासून पंधरा दिवसांत भरून द्यावे. कारण न सापडल्यास सोळाव्या दिवशी नळाला सील लागेल. सील संपूर्ण गल्लीला लागू राहील.)

रकाना १ : माशाचे नाव व वय

तहसीलदार. सहा वर्षे, दोन महिने.

रकान्यात एवढंच मावलं. नाव का ठेवलं हे लिहायला जागा असती तर काशिनाथ बोचरे यांनी तेही लिहिलं असतं. सोनेरी मासा घरात आला त्याच दिवशी त्यांनी त्याला नीट पाहून घेतलं होतं. दिवसभर जागचा हलत नाही, तोंड मात्र सारखं चालू, आणि याची मान्यता असल्याशिवाय घरात पाण्याचा थेंब येत नाही. "हा तं तहसीलदार हाये," ते म्हणाले, आणि तेच नाव पडलं.

मान्यतेची गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. पूर्णेच्या काठच्या या पट्ट्यात जमिनीतलं पाणी मुळातच खारं. वर्षं गेली तसं त्यात एकेक उतरत गेलं. खतं, फवारण्या, कारखान्यांची धुणं, आणि ज्यांना नावही नव्हतं अशी कितीतरी द्रव्यं. एकेका द्रव्यासाठी एकेक यंत्र बसवता बसवता माणसं थकली. यंत्राला जे शोधायला सांगावं तेवढंच ते शोधतं. जे ठाऊकच नाही ते शोधायला सांगणार कोण?

जिवंत शरीराला मात्र अशी यादी लागत नाही. बोटात काटा मोडला आणि निघाला नाही, तर शरीर त्याच्याभोवती पिशवी विणतं आणि त्याला आतल्या आत कोंडून टाकतं. शास्त्रज्ञांनी सोनेरी माशातली ही खोड शंभर पटींनी वाढवली. पाण्यातला घातक कण अंगाला लागला की हा मासा मरत नाही. त्या कणाला पापुद्र्यांत गुंडाळतो आणि कातडीखाली त्याची गाठ करून ठेवतो. सोनेरी मासाच निवडला, कारण रंग बदलणं त्याच्या खवल्यांना जन्मतःच येतं. पिल्लू असताना तो काळपट असतो, सोनेरी मागून होतो. तेव्हा प्रत्येक प्रकारच्या गाठीला वेगळा रंग चढवणंही जमून गेलं.

राजाचं जेवण आधी कोणीतरी चाखून बघायचं, तसं हा पाणी चाखतो, म्हणून लोक त्याला चाखमासा म्हणू लागले. नळाचं पाणी आधी काचेच्या चाखटाकीत पडायचं आणि तिथून स्वयंपाकघरात जायचं. टाकीच्या वर भिंतीला गाठपट टांगलेला. पिवळी गाठ म्हणजे खताचं पाणी, उकळून चालणार नाही. पांढरी म्हणजे दात आणि हाडं सांभाळा. निळी म्हणजे फवारणी. काळी दिसली तर तोटी बंद करायची आणि शेजाऱ्याला हाक मारायची. गावातलं चार वर्षांचं पोरही गाठपट तोंडपाठ म्हणायचं.

राखी रंग त्या तक्त्यात नव्हता.

रकाना २ : गाठींची संख्या, आकार, जागा

पंधरा नोव्हेंबरला तीन. एकोणीसला पाच. बावीसला सात. सर्व डाव्या कुशीवर, कल्ल्याच्या मागून शेपटीकडे एका ओळीत. सर्वांत मोठी भिजलेल्या साबुदाण्याएवढी. रंग राखी, चुलीतल्या नव्हे, उदबत्तीच्या राखेसारखा.

ही नोंद वाचून कार्यालयातला कारकून नंतर म्हणाला होता की असं तपासपत्र त्याने उभ्या नोकरीत पाहिलं नाही. पण काशिनाथराव चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. शेवटची अकरा वर्षं त्यांच्या गाडीला ड्रायव्हर नव्हता, गाडी आपली आपण चालायची. कंडक्टर मात्र लागायचाच, कारण झोपलेल्या म्हातारीला तिच्या गावाच्या आधी उठवणं गाडीला कधी जमलं नाही. काशिनाथरावांना कोण कुठे चढलं, कुठे उतरणार, पिशवीत कोंबडी आहे की भोपळा, सगळं ठाऊक असायचं. एकतीस मार्चला ते निवृत्त झाले. सगळ्यांनी हार घातले. एक एप्रिलपासून ते घरी होते, आणि त्यांच्या खिशातली वहीदेखील.

वहीत रोजची नोंद असे. किती वाजता उठलो. चहा किती वाजता आला. बारा दहाला जेवण, की बारा पंचवीसला. पंचवीसला असेल तर का.

गाठी दिसल्या तेव्हा काशिनाथरावांना भीती नाही वाटली. खरं सांगायचं तर आनंद झाला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर असं काही आलं होतं, ज्याचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं.

शेजारचे गावंडे मास्तर काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"तहसीलदारले बढती भेटली काय? बिल्ले लावून बसला हा तं."

"थट्टा नको करू मास्तर. सील लागलं तं तुयाही घरी टँकर येईन."

"म्हणून तं थट्टा करून रायलो. रडून काय भेटते? बरं, याले घरात कोनी तरास देत नाई ना? मासोळी लय मनाले लावून घेते."

"माह्या घरात कायचा तरास? दोघं माणसं आमी. आवाज नाई घरात."

गावंडे मास्तरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि ते म्हणाले, "आवाज तं नाईच."

रकाना ३ : घरात अलीकडे नवीन काय आले?

(सोबत वहीची पाने जोडली आहेत.)

१६ नोव्हें. भांड्याचा साबण बदलला होता. जुना आणला. गाठी कमी नाहीत.
१७ नोव्हें. टाकीवरचा दिवा काढला. फरक नाही.
१८ नोव्हें. कार्यालयाकडून मिळणाऱ्या गोळ्यांखेरीज माशाला काही घालू नये असं शेवंताला पुन्हा बजावलं. मान डोलावली.
१९ नोव्हें. दोन गाठी वाढल्या!! म्हणजे कारण घरातच आहे आणि चालू आहे.
२० नोव्हें. शेवंताला विचारलं, टाकीचं झाकण कोणत्या हाताने उघडते. म्हणाली, लक्षात नाही. पुन्हा विचारलं. म्हणाली, उजव्या. आधी लक्षात नव्हतं तर आता कुठून आलं असं विचारलं.
२१ नोव्हें. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून दहा ते बारा बसलो. निरीक्षण. संशयास्पद काही नाही. जेवण बारा चाळीसला.
२२ नोव्हें. आणखी दोन!!

शेवंताबाई म्हणजे त्यांची बायको. छत्तीस वर्षांचा संसार. कमी बोलणारी, हाताला चव असलेली बाई. एकुलती एक लेक कल्पना पुण्याला. त्या आठवड्यात शेवंताबाईंना जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे छत्तीस वर्षांत विचारले गेले नसतील. काशिनाथराव एकदाही ओरडले नाहीत. ते ओरडत नसतच. एखादा प्रवासी तिकीट दाखवेपर्यंत जसे शांतपणे त्याच्यापुढे उभे राहायचे, तसेच ते उत्तर येईपर्यंत चुलीपाशी उभे राहत.

रकाना ४ : (कार्यालयाने भरावा)

सव्वीस तारखेला त्यांनी तहसीलदाराला झाकणाच्या डब्यात घातलं आणि जिल्ह्याच्या गावी जलप्रहर कार्यालयात नेलं. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. यशोधरा तायडे होत्या. वय पस्तीसच्या आसपास, केस घाईने बांधलेले, आणि कोपरापर्यंत ओल्या बाह्या.

"बसा काका. मासा माझ्याकडे द्या. तो तुमच्यापेक्षा शांत दिसतो."

त्यांनी पसरट भांड्यातल्या पाण्यात लवंगाच्या तेलाचे काही थेंब टाकले. तहसीलदार दोन मिनिटं फिरला, मग त्याचे कल्ले मंदावले आणि तो कुशीवर कलला.

"मेला काय?"

"झोपला. दाताच्या दुखण्यावर तुम्ही लवंग ठेवता ना, तेच तेल. उठेल अर्ध्या तासात."

त्यांनी सगळ्यात मोठी गाठ बारीक चिरेतून अलगद बाहेर काढली, तिची पातळ चकती केली आणि काचेखाली धरली. समोरच्या पडद्यावर ती थाळीएवढी होऊन उमटली. एकात एक, एकात एक अशी असंख्य वळी.

काशिनाथराव खुर्चीतून उठलेच. "हे तं कांद्यावानी हाये!"

"कांदाच समजा. माशाच्या कानात एक खडा असतो. दिवस-रात्रीच्या पाळीवर त्या खड्याला रोज एक वळं चढतं. ही गोष्ट माणसाला फार आधीपासून ठाऊक होती. आम्ही गाठीला तीच शिस्त लावली. विष आलं, न आलं, रोज एक पापुद्रा. आलं असेल त्या दिवशी जाड, नसेल त्या दिवशी पातळ."

"म्हणजे याच्यात तारखा हायेत."

डॉ. तायडे हसल्या. "तुमच्यासारखा माणूस आला की बरं वाटतं. बाकीचे विचारतात, आमचं पाणी कधी सुटेल."

"अन् आत काय सापडलं?"

त्यांनी चकतीचा एक कण वेगळ्या यंत्रात घातला, बाहेर आलेली पट्टी वाचली, मग दुसरा कण घातला आणि तीही वाचली.

"काका, तुमच्या पाण्यात दोष नाही. हे पाण्यातलं नाही. हे माणसातलं आहे."

"समजलं नाई."

"उन्हात काम केलं की घाम येतो. माणूस घाबरला की तळहाताला येतो, तोही घामच. पण दोन्ही सारखे नसतात. घाबरलेल्या माणसाच्या घामात काही द्रव्यं उतरतात, जी उन्हाच्या घामात नसतात. कुत्र्याला ती कळतात, म्हणून भिणाऱ्याच्याच मागे तो लागतो. आम्ही त्यांना दचकद्रव्य म्हणतो. चाखमाशाला ते ओळखता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला तसं शिकवलंच नाही. त्याचं त्याने ठरवलं, की हे विष आहे."

"हाये काय ते विष?"

"माशासाठी नाही, एवढ्याशाने त्याला काही होत नाही. ज्याच्या अंगात ते रोज तयार होतं, त्याच्यासाठी आहे. हळूहळू."

काशिनाथरावांनी वही काढून लिहून घेतलं. मग त्यांना शंका आली. "पण टाकीत कोनी हात घालत नाई मॅडम. मी बजावलं हाये."

रकाना ५ : पाण्याव्यतिरिक्त माशाच्या संपर्कात काय येते?

डॉ. तायडेंच्या टेबलावरून त्यांनी घरी फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

"ऐकतं काय वं. तू तहसीलदारले काय खाऊ घालतं?"

पलीकडून आलं, "काई नाई."

"काई नाई कसं? मॅडम समोर बसून हायेत. खरं सांग."

"थोडासाक उंडा," शेवंताबाई म्हणाल्या. "भाकरीचं पीठ मळलं का पयला चिमूटभर. कच्चाच. गाईचा घास काढत होतो ना पयले, तसा. आता गाय कुठं हाये? मंग याले देतो."

"कधीपासून?"

"आला तवापासून."

"सहा वर्षं! अन् मले सांगतलं नाई?"

"तुमी विचारलं नाई."

डॉ. तायडेंनी पुढे वाकून म्हटलं, "मावशी, तुमचं काही चुकलं नाही. पट्ट्यातल्या अर्ध्या घरांत हेच चालतं, आम्हाला माहीत आहे. ठेवा फोन."

उत्तर साधं होतं. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं म्हणजे तळहाताने दाबून दाबून मळायचं. तळहाताला जे असेल ते उंड्यात उतरणार. भाकरी तव्यावर भाजते आणि त्यातलं ते जळून जातं. घास मात्र कच्चा. सहा वर्षं तहसीलदार रोज शेवंताबाईंचा तळहात चाखत होता.

"मग सहा वर्षं गाठ कायले नाई आली?" काशिनाथरावांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता आणि त्यांना तो सुचल्याचा त्यांना आनंदही झाला.

"चला, बघू. सगळ्यात आतलं वळं कधीचं आहे ते मोजू." डॉ. तायडेंनी पडद्यावर एक बारीक रेघ आतून बाहेर ओढली आणि यंत्राने आकडा दिला. "दोनशे चाळीस दिवस. कातडीवर दिसायला मात्र नोव्हेंबर उजाडला."

काशिनाथरावांना कॅलेंडर लागत नसे. नोव्हेंबरचे सव्वीस. ऑक्टोबरचे एकतीस, सप्टेंबरचे तीस. ते ओठातल्या ओठात मागे मागे गेले आणि एप्रिलच्या एक तारखेला येऊन थांबले.

"एक एप्रिलले काय झालं असन?" ते स्वतःशीच म्हणाले.

डॉ. तायडेंनी पडद्यावरची वळी आणखी मोठी केली.

"या वळ्यांवरून दिवस सांगता येईन काय? कोणता जाड, कोणता पातळ?"

"येईल. पण काका, तुम्हाला बघायचंच आहे का?"

"बघाच लागन! तवाच तं कारण सापडन." त्यांनी वही उघडून पडद्याशेजारी धरली.

ऑगस्टात नऊ वळी होती, केसाएवढी पातळ. त्यांनी पानं उलटली. ऑगस्ट सात ते पंधरा. कल्पनाला मुलगी झाली म्हणून ते पुण्याला गेले होते. घर बंद ठेवता येत नाही, मासा आहे, म्हणून शेवंताबाई मागे राहिल्या होत्या. नातीला त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

"उलटं झालं हे. एकटी बाई घरात. तवा तं जास्त भ्याव वाटाले पायजे."

जूनमध्ये चार जाड वळी, लागोपाठ. त्यांनी जून काढला. त्यांच्याच अक्षरात होतं : *वरणात मीठ जास्त. बोललो नाही. चार दिवस बोललो नाही.*

जुलैत एक. *साखरेच्या डब्याला चहापत्तीचं झाकण. कारण विचारलं. सांगता आलं नाही.*

सप्टेंबर. *देवळातून यायला वीस मिनिटं उशीर. दारात उभा राहिलो.*

आणि अगदी बाहेरची, कालपरवाची वळी. सोळा नोव्हेंबरपासूनची. ती एवढी जाड होती, की एकमेकींना चिकटून राखी रंगाचा एकच पट्टा झाला होता.

काशिनाथरावांचं बोट पडद्यावर राहिलं.

"दुपारी गल्लीत कोनी येत असन काय मॅडम? चोर-बीर?"

"काका, मी माशांची डॉक्टर आहे."

"मी हात उचलला नाई कधी. छत्तीस वर्षांत एकदा नाई. शिवी नाई. दारू नाई. विचारा कोनालेही."

"मी तसं म्हटलं नाही. मासाही तसं म्हणत नाही. त्याला कारण कळत नाही. त्याला फक्त किती ते कळतं."

भांड्यात तहसीलदाराने एकदा शेपूट हलवली आणि तो सरळ झाला.

रकाना ६ : कारण

~~पाण्यात दोष नाही.~~ (अपुरे उत्तर स्वीकारले जाणार नाही, असं खाली छापलेलं होतं.)
~~घरातील व्यक्तीचा घाम.~~
~~कुटुंबप्रमुखाची निवृत्ती.~~
~~गैरसमज.~~

एकोणतीस तारखेच्या दुपारी काशिनाथराव तपासपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. शेवंताबाई भाजी निवडत होत्या. उद्या शेवटचा दिवस होता. सील लागलं असतं तर सतरा घरांचं पाणी गेलं असतं. आणि सही एकाची चालत नव्हती. गाठ माणसातून आली असेल तर सातव्या रकान्यात दोन्ही घरधन्यांची सही हवी, असा नियम होता.

त्यांनी सगळं सांगितलं. कांद्यासारखी वळी, दचकद्रव्य, दोनशे चाळीस दिवस. शेवंताबाई मेथीची पानं खुडत ऐकत राहिल्या.

"तुले माहा धाक वाटते काय?"

"नाई."

उत्तर इतक्या पटकन आलं, की प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

"मंग माशाले घाम कायचा लागला?"

"उन्हाचा असन."

"नोव्हेंबरात?"

शेवंताबाईंचा हात थांबला. काशिनाथरावांनी पाहिलं, की आपण पुन्हा तसेच उभे आहोत, एक खांदा चौकटीला, हातात पेन, उत्तर येईपर्यंत न हलणारे. ते घाईघाईने खाली बसले.

"मी वाईट हावो काय?"

"नाई वं माय! असं कोन म्हनते? तुमी देवमाणूस हा." आणि मग हळू आवाजात, जणू स्वतःलाच समजावत, "आता पाय वाजला का छातीत धस्स होते, त्याले काय करू? म्हणजे तसं नाई. तुमी काई करत नाई. पण आता काय विचारतीन, असं होते."

छत्तीस वर्षांत तिने त्यांच्याबद्दल उच्चारलेली ही सगळ्यात लांब गोष्ट होती. काशिनाथरावांचा हात सवयीने वहीकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला.

"लिवू काय मंग? हेच?"

"लिवा तुमाले लिवाचं ते. नळ बंद नको व्हायले. गल्लीतल्या बाया मले बोलतीन."

त्यांनी लिहिलं : *घरातील एका व्यक्तीला दुसऱ्या व्यक्तीचा धाक वाटतो. दुसरी व्यक्ती सुधारणा करील.*

रकाना ७ : सह्या

का. ग. बोचरे
शेवंता काशिनाथ बोचरे

(दुसरी सही न वाचता केलेली होती. त्यासाठी रकाना नव्हता.)

तपासपत्राची मागची बाजू. येथे काही लिहू नये.

काशिनाथराव शब्दाला जागणारे होते. एक डिसेंबरपासून त्यांनी वही कपाटात ठेवली आणि किल्ली शेवंताबाईंच्या हातात दिली. चपला घालून घरात फिरू लागले, म्हणजे पाय आधीपासून वाजावा. ते जमेना तेव्हा गुणगुणत फिरू लागले. स्वयंपाकघरात जाणं सोडलं. जेवण एकला आलं, सव्वाला आलं, ते "वा वा" म्हणून बसले. भाजी अळणी होती तेव्हा मीठ मागितलं नाही. मग वाटलं, न मागणं म्हणजेही अबोलाच झाला, म्हणून मागितलं, आणि मागताना हसले. शेवंताबाईंनी जानेवारीत पुण्याला जाऊन नातीला बघून यावं, मासा ते सांभाळतील, असंही ठरलं.

आणि गाठी उतरू लागल्या. चाखमाशाची गाठ विष थांबलं की आपोआप विरते. दहा डिसेंबरला पाच उरल्या, वीसला तीन. काशिनाथरावांना पेन्शनीत निघाल्यापासून एवढा हुरूप आला नव्हता. माणूस साठीनंतर बदलू शकतो, आणि बदलला की ते मोजता येतं! त्यांनी डॉ. तायडेंना फोन करून कळवलं.

"छान आहे काका," त्या म्हणाल्या. आवाज दमलेला होता. "तुमच्यामुळे आमचं काम मात्र वाढलं. तुमचा कागद आल्यावर गावोगावचे मासे तपासले. राखी गाठी कितीतरी घरांत होत्या, लोक सांगत नव्हते. आता राखी रंग गाठपटात घातलाय. नवे तक्ते घरोघर गेलेत. ज्या घरात राखी दिसेल तिथे आमचा माणूस जाऊन विचारणार, कोणाला कोणाचा धाक."

"मंग चांगलंच झालं की. लोक सुधारतीन."

"हो. गंमत म्हणजे तक्ते गेले आणि दोन आठवड्यांत पट्ट्यातल्या राखी गाठी जवळजवळ संपल्या. एवढ्या लवकर कोणताच आजार गेला नाही आजवर. मला कळत नाहीये, काका."

काशिनाथरावांना मात्र त्यात न कळण्यासारखं काही वाटलं नाही. ते खुशीत फिरायला निघाले. गावंडे मास्तरांच्या अंगणात दोरीवर निळे रबरी हातमोजे वाळत होते. त्याच्या पुढच्या घरी गुलाबी. त्याच्या पुढे पिवळे, दोन जोड, एक मोठा आणि एक लहान मुलीच्या हाताचा.

"मास्तर, हे काय? घरात ऑपरेशन-बिपरेशन चालू हाये का?"

"थंडी हाये ना बापा," गावंडे मास्तर त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "हात फाटतात म्हणे बायांचे."

सव्वीस डिसेंबरला, साडेअकराच्या सुमाराला, शेवटची गाठ गेली. काशिनाथरावांनी भिंग घेऊन दोनदा पाहिलं. तहसीलदाराची डावी कूस गुळगुळीत, सोनेरी, ऊन पडल्यासारखी. त्यांच्या पोटातून आनंद वर आला. इतका, की गुणगुणायचं राहिलं, चपला दाराशी राहिल्या, आणि ते भिंग हातात घेऊन तसेच स्वयंपाकघरात शिरले.

"शेवंते! गेली! शेवटची पन गेली!"

शेवंताबाई परातीपुढे बसलेल्या होत्या. कोपरापासून बोटांपर्यंत निळे हातमोजे. त्या हातांनी त्या ज्वारीचं पीठ मळत होत्या, दाबून दाबून, आणि मळलेल्या उंड्यातला पहिला घास बाजूला काढून ठेवलेला होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

काशिनाथरावांच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला. पहिली गाठ कधी उतरू लागली, तक्ता कधी आला, हातमोजे कधी आले असतील. म्हणजे आपण सुधारलो म्हणून गाठी गेल्या, की पिठाला हात लागेना म्हणून? कळायला एकच रस्ता होता. हातमोजे काढ म्हणायचं आणि चाळीस दिवस माशाकडे बघत बसायचं. पण 'काढ' म्हटलं, की तळहाताला घाम येणार. मासा तोच घाम चाखणार. त्यांनी विचारलेला प्रश्नच त्या गाठीत उतरणार, आणि उत्तर कधीच येणार नाही, ना त्यांना, ना डॉ. तायडेंना, ना पट्ट्यातल्या एकाही घराला.

कधीपासून घालतेस? कोणी दिले? ओठांपर्यंत आलेले प्रश्न त्यांनी एकेक करून गिळले. काही विचारायचं नाही. त्यांनी ठरवलं आणि ते गप्प उभे राहिले.

ते गप्प उभे आहेत, हे शेवंताबाईंनी पाहिलं. त्यांचे हात पिठातच थांबले, आणि त्या वाट बघू लागल्या.